बाई मौनात होत्या

चातुर्मास संपला, तुळशीचं लग्न लागलं, गोदाबाईंनी सुनेच्या हातून देवळात पितळेची घंटा देववली, म्हणजे मौनाचं उद्यापनही रीतसर झालं. तरी जेवायला बसलं की जमुनेच्या तोंडून शब्द फुटेना. सकाळी गोदाबाईंनी पानात भाजी वाढली आणि विचारलं, "मीठ जास्त झालं का वो?" तर तिनं सवयीनं नुसती मान हलवली. म्हातारी हसली. म्हणाली, "बोल नं आता! देवाले घंटा देल्ली नं तू? का चार महिन्यांत जीभ गंजली, बाप्पा?" जमुनेनं घास गिळला, पाणी प्याली, बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की बोलायला काहीतरी लागतं, आणि आपल्यापाशी जे आहे ते इथं, ह्या चुलीपाशी, ह्या म्हाताऱ्या बाईपुढे काढून ठेवण्यासारखं नाही. "नाही, बरोबर झालंय मीठ," एवढं ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

आणि त्याच दिवशी दुपारी, टेलिफोन कचेरीत, वरच्या मजल्यावर स्विचबोर्डाच्या खोलीमागच्या लहान खोलीत ती डबा उघडून बसलेली असताना भगवंतराव कागद घेऊन आले. भगवंतराव कचेरीतले वरिष्ठ, तिच्या नवऱ्याच्या बरोबरीनं नोकरीला लागलेले. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा हिला त्याच कचेरीत टेबल मिळावं म्हणून ह्यांनीच कागद हलवले होते. तेव्हापासून आठ वर्षं ते तिला चारचौघांतही वहिनीच म्हणत. "घास घ्या, वहिनी, घाई नाही," ते म्हणाले. "अकोल्याहून आलाय. बुधवारी साहेबांनी बोलावलंय, तुम्हाले आन् त्या देवमनले. तीन प्रश्न हायेत. पयले दोन काही नाही, नाव-गाव. तिसऱ्याले नाही म्हना, सुटल्या." कागद त्यांनी डब्यापासून वीतभर अंतरावर ठेवला, उष्ट्याला लागू नये अशा बेतानं, आणि गेले.

तिसरा प्रश्न असा होता: लाइनमन देवमन डोमाजी याने सदर जोडीवरील तार काढण्यापूर्वी आपणांस तोंडी विचारले होते काय? जमुनेनं तो दोनदा वाचला. मग कागद उलटून मागं पाहिलं. मागं काही नव्हतं. चौथा प्रश्न नव्हता. तिला वाटलं होतं चौथा असेल. गेले दोन महिने, भाद्रपदापासून, ती रोज त्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर तयार करत होती, पूजेला बसली की, बोर्डावरच्या बायकांच्या 'नंबर प्लीज'च्या गलबल्यात, जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला की. आणि तो कोणी विचारलेलाच नव्हता. हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही; तिनं कागद पुन्हा एकदा उलटून पाहिला.

तिचं काम तसं सरळ होतं. कोणाला नवी लाइन हवी, कोणाला जागा बदलून हवी, की त्याचा अर्ज तिच्या टेबलावर येई. मग ती ॲडव्हाइस नोट, म्हणजे लाइनमनसाठी कामाचा हुकूम, तयार करी. शहरातून येणाऱ्या साऱ्या तारा कचेरीत एका उभ्या लोखंडी चौकटीवर येऊन थांबत. दोन-दोन तारांची एकेक जोडी, प्रत्येक जोडीला क्रमांक. कोणत्या जोडीवर कोणाला बसवायचं हे ती ठरवी, ॲडव्हाइस नोटवर लिही, आणि लाइनमन त्या कागदाप्रमाणे चौकटीवर तार जोडून वितळल्या कथलाचा डाख देई. तिचं अक्षर गोल होतं. सहा प्रती एकदम निघत, खालच्या प्रतीपर्यंत कार्बन उठावा म्हणून ती इतकं दाबून लिही की मधलं बोट टाकीचे घाव पडल्यासारखं झालं होतं. एका कप्प्यात कुलपात जोड्यांची वही असे. पक्क्या नोंदी शाईनं, तात्पुरत्या पेन्सिलीनं. ही रीत नवऱ्याच्या वेळेपासूनची. तात्पुरतं काम संपलं की खोडरबरानं पुसायचं आणि वरची भुकटी फुंकून टाकायची. ती वही उघडताना जमुनेला पोथी उघडल्यासारखं वाटे, आणि असं वाटतं हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

खुशालराव कापूसवाल्यांचा अर्ज वर्षभर पडून होता. त्यांची एक पेढी अमरावतीला, एक अकोल्याला. दोन्ही पेढ्यांच्या मध्ये त्यांना स्वतःची एकट्याची तार हवी होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना टेलिप्रिंटर, म्हणजे इकडे टंकायचं की तिकडे कागदावर अक्षरं उमटायची. कापसाचा भाव मिनिटात कळावा म्हणून. विदर्भात असली खाजगी तार म्हणजे अप्रूप. साहेबलोकांनी सारं ठरवून पाठवलं: अमरावतीच्या टोकाला कुठली जोडी, अकोल्याच्या टोकाला कुठली, किती व्होल्ट, यंत्र कसं बसवायचं, तारा उलट्या लागल्या तर अक्षरांऐवजी नुसता चिखल उमटेल ही सूचनासुद्धा. जमुनेनं ती ॲडव्हाइस सणावाराची रांगोळी काढावी तशी लिहिली होती. अमरावती टोक, जोडी सत्तेचाळीस.

आणि गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसूतिगृहाचा फोन बंद पडला. पावसाचं पाणी पेटीत शिरलं होतं. भगवंतराव म्हणाले, जी रिकामी असेल त्या जोडीवर घ्या तूर्त. रिकामी सत्तेचाळीसच होती; खुशालरावांचं काम सोमवारी व्हायचं होतं. तिनं पेन्सिलीनं लिहिलं, प्रसूतिगृह, तात्पुरती. दुसऱ्या लाइनमननं, पुंजारामनं, तार जोडली आणि तो दुसऱ्या कामाला बाहेर गेला. मग अकराच्या सुमाराला अकोल्याहून बोलणं आलं, आमचं टोक तयार आहे, आजच करून टाका, सोमवारची वाट कशाला. ती गडबड, तो कामाचा ढीग, आणि तिनं कप्प्यातून खुशालरावांची ॲडव्हाइस काढली, आजची तारीख घातली, आणि देवमनकडे पाठवून दिली. क्रमांक बदलला नाही. विसरली. इतकंच होतं ते. माणूस विसरतो. त्या विसरण्याबद्दल तिनं देवापुढे नाक घासलं होतं आणि देवानं ते माफ केलं असावं असं तिला वाटे, कारण त्या जागी हात लावला तर दुखत नव्हतं. दुखत होतं ते पुढं.

साडेबाराला ती जेवायला बसली. वरण-भात, लोणचं, लहान बरणीत ताक. घासाघासाला नाम घ्यायचं, जेवण होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, आणि हात धुतल्यावर पहिला शब्द देवाचा. नवरा गेला त्या वर्षी गोदाबाईंनीच हे व्रत दिलं होतं. तेव्हा ती जेवायला बसली की रडे. "बोलू नको, रडू नको, घासाले नाव घे," म्हातारी म्हणाली होती, "अन्न त्याचं हाये, त्याले आवाज नाई लागत." आणि खरंच, पहिल्या चातुर्मासातच तिला ती जागा सापडली होती, तोंड मिटलं की आत एक ओसरी लागे, शेणानं सारवलेली, गार, जिथं कोणी येत नसे. आठ वर्षं ती त्या ओसरीवर बसत आली होती. त्यात खोटं काही नव्हतं. हे ती आजही कोणापुढंही सांगेल.

देवमन आला तो उंबऱ्याच्या बाहेर थांबला. सव्वीस-सत्तावीसचा, हडकुळा, खिशाला टेस्टरची क्लिप. वहाणा त्यानं काढल्या होत्या. "बाई," तो म्हणाला, "जेवतानी तरास देऊन राहिलो. खुशालरावची जोडी सत्तेचाळीसच नं? त्याच्यावर एक तार दिसून राहिला, डाख ताजा हाये. काढू का तो? का कोणाचा हाये?" जमुनेच्या हातात घास होता. सत्तेचाळीस हा आकडा तिच्या कानात पडला आणि त्याच क्षणी तिला सारं आठवलं, पेन्सिलीचं अक्षरसुद्धा दिसलं. तिनं वर पाहिलं. तो पाहत होता. किती वेळ, ते तिनं पुष्कळदा मोजायचा प्रयत्न केला आहे. एक नाम घेऊन व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा, किंवा तीन. मग देवमन एक पाऊल मागं सरला. "बरं," म्हणाला, "मंग कागदावर हाये तसं करतो." आणि गेला. वहाणा पायांत सरकवल्याचा आवाज तिला ऐकू आला. तिनं घास तोंडात घातला. तिला वाटलं, जिना उतरेल, हत्यारं काढेल, डाख तापवेल. पाच-दहा मिनिटं आहेत. जेवून घेऊ आणि सांगू. आणि ताकभात तिनं त्या दिवशी पुन्हा थोडा कालवून घेतला. ही गोष्ट ती कोणत्याच उत्तरात बसवू शकली नव्हती. भूक नव्हती. तरी घेतला.

हात धुतले, देवाचं नाव घेतलं, खाली गेली तेव्हा तार निघाली होती आणि देवमन सायकलवर खुशालरावांच्या अमरावतीच्या पेढीवर गेला होता, तिथं यंत्र लावायला. पुंजाराम अजून आला नव्हता. बायकांनी चौकटीला हात लावायचा नाही असा नियम, आणि लावला असता तरी तिला डाख देता येत नव्हता. देवमन परत यायला तासभर लागला. तो येताना हसत होता. यंत्र पहिल्या झटक्यात चाललं होतं, अकोल्याहून आलेली अक्षरं ओळीनं स्वच्छ उमटली होती. पेढीवर लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या होत्या. त्या तासात प्रसूतिगृहात वलगावची एक बाई बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. नर्सनं डॉक्टरीणबाईंना घरून बोलवायला फोन उचलला, तर त्यात काहीच नव्हतं, साधी खरखरसुद्धा. मग माणूस सायकलवर पिटाळला. डॉक्टरीण आल्या तेव्हा उशीर झाला होता. पुढं त्याच म्हणाल्या, म्हणे, की फोन लागला असता तरी बाई वाचली असती असं सांगता आलं नसतं. मूल वाचलं. संध्याकाळी खुशालरावांकडून कचेरीत पेढे आले, आणि अजून बातमी लागायची होती म्हणून सगळ्यांनी खाल्ले. जमुनेनंही एक घेतला, प्रसाद म्हणून डोळ्यांना लावून.

त्या वलगावच्या बाईचं नाव जमुनेला ठाऊक नाही. तिनं मुद्दाम विचारलं नाही. नाव कळलं की नामस्मरणात ते मध्ये येईल अशी भीती.

बुधवारी ती पहाटेची पूजा आटोपून निघाली. अमरावतीहून बडनेऱ्याला गाडी, तिथून अकोल्याची पॅसेंजर. बडनेऱ्याच्या फलाटावर देवमन उभा होता, धुतलेला पांढरा सदरा, बगलेत कागदांची पिशवी. जवळ आला, पण दोन हात दूरच थांबला. "जयभीम, बाई," तो म्हणाला, मग स्वतःच चुकल्यासारखं करून, "नमस्कार." ती म्हणाली, "नमस्कार, देवमन." गाडीला वेळ होता. बाकावर ती बसली, तो उभा राहिला; बस म्हटलं तर म्हणाला, उभंच बरं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. "माह्यं काय म्हननं हाये, बाई," तो म्हणाला, "तुमी फक्त येवढंच सांगा का मी इचारलं होतं. भगवंतरावसाहेब म्हनते, बाईले आयकू नसन गेलं. आयकू गेलं होतं नं तुमाले?" "हो," जमुना म्हणाली. "मंग झालं! येवढंच लागते मले. नियमात काय लिवलं हाये, वही पायल्याबिगर तार काढू नये. वही तुमच्या कुलपात. म्हून मी वहीवालीले इचारलं. मंग माही चूक काहून?" आता लवकरच तो नोकरीत पक्का होणार होता. त्याचा बाप डोमाजी वलगावला रोजानं जाई. सात वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि पहिली गोष्ट त्यानं केली ती पोराला पुन्हा शाळेत घातलं, हे देवमननं तिला कधीतरी सांगितलं होतं, ॲडव्हाइसची प्रत घ्यायला आला असताना, टेबलाच्या पलीकडून.

"पण मग थांबला का नाहीस तू?" जमुनेनं विचारलं. हे विचारायचं तिच्या मनात नव्हतं, निघून गेलं. "मी जेवून उठेपर्यंत थांबायचंस."

देवमननं तिच्याकडे पाहिलं, मग रुळांकडे. "खरं सांगू का, बाई? राग नका मानू. मले मौन-बिन काही ठाऊक नोतं. मले वाटलं, तुमी जेवून राहिल्या, आन् माह्याशी बोलल्या तर तुमचं जेवन मोडन. आमाले त्याची सवय हाये. लोकं जेवतानी आमच्याशी बोलत नाईत. म्हनून मी म्हटलं, उभं राहून कायले त्या मानसाचा घास अटकवा." तो हसला. "मौन होतं हे मले मांगून समजलं, भगवंतरावसाहेबानं सांगतलं तवा. मले बरं वाटलं, खरंच. मी म्हटलं, अरे, बाई तशा नाईत."

गाडी आली. ती बायकांच्या डब्यात चढली, तो पुढं गेला. खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर कापूस फुटला होता, काळ्या रानात जिथंतिथं पांढरं, आणि वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या पुढं आलेल्या, साऱ्या जणी दिवस भरल्यासारख्या दिसत होत्या. तिनं डोळे मिटले. बाई तशा नाहीत. पातूरला माहेरी वडील मौनानं जेवत. चातुर्मासच नव्हे, बारा महिने. जेवताना बाहेरून महाराचा आवाज कानी पडला तर ते पानावरून उठत, आणि ते अन्न गाईला जाई. म्हणून बाहेरच्या माणसाला ठाऊक असे की दुपारी ह्या घरापुढं ओरडायचं नाही. पण एकदा एक जण आला होता, काय सांगायला ते तिला आठवत नाही, बैल कुठं तरी रुतला होता बहुतेक. दारासमोरच्या निंबाखाली तो उभा राहिला, बोलला नाही, पण खोकला दाबताना त्याचा एक हुंकार निघाला. जमुना सात-आठ वर्षांची होती, पुरणाचा दिवस होता आणि वाढलेलं पान समोर होतं. तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. ऐकलंच नाही म्हणजे उठावं लागणार नाही. आई कौतुकानं हसली होती: पोरीला कशी समज आहे पहा. त्या कौतुकाची ऊब तिला अजून कानांच्या पाळीशी आठवे. तो माणूस वडील चूळ भरेपर्यंत तिथं उभा राहिला होता.

पण ते जुनं झालं. सासरी असलं काही नव्हतं. गोदाबाईंच्या अंगणात कोणीही यायचं. कचेरीत ती स्वतः देवमनच्या हातात कागद देई, हाताला हात लागे, घरी जाऊन तिनं कधी आंघोळ केली नव्हती. मग? मौन होतं. मौन खरं होतं. कुरुम गेलं, मूर्तिजापूर गेलं, ती हेच घोकत होती, मौन खरं होतं, आणि गाडीच्या चाकांना ते बरोबर बसत होतं. आणि मग मधेच, काही कारण नसताना, तिला श्रावणातली एक दुपार आठवली. तीच खोली, तोच डबा. भगवंतराव आत आले होते, थेट आत, आणि म्हणाले होते, वहिनी, माझा रजेचा कागद कुठं ठेवला तुम्ही? ती मौनातच होती. आणि तिनं डाव्या हातानं कप्पा दाखवला होता. ते चुकीचा कप्पा उघडायला लागले तेव्हा तिनं मान हलवली, नाही, खालचा. आणि त्यांना कागद सापडल्यावर ती हसलीसुद्धा होती. व्रत मोडलं नव्हतं. हाताला आणि मानेला व्रत नव्हतंच कधी.

डब्यातल्या एका बाईनं विचारलं, बरं नाही का वो तुम्हाले, पाणी देऊ? जमुना नाही म्हणाली. डाव्या हाताकडे पाहत राहिली. एकदा आडवी मान. एवढंच लागत होतं. देवमनला एकदा आडवी मान दिसली असती तर तो थांबला असता, तासभर थांबला असता, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायला त्याला कोणी शिकवायला नको होतं. मान का हलली नाही? कोणी धरून ठेवली होती? तिनं आत, त्या सारवलेल्या ओसरीवर, जाऊन पाहिलं. ओसरी तशीच होती, गार. फक्त आता तिच्या लक्षात आलं की इथं कोणी येत नसे ते आपोआप नव्हे. इथं कोणी येऊ नये अशी तिची पहिल्यापासून व्यवस्था होती.

अकोल्याच्या कचेरीत साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. गोरे, वयस्क, कपाळावर गंधाची बारीक रेघ. देवमनला आधी बोलावून झालं होतं. तो बाहेर व्हरांड्यात होता. साहेबांनी नाव-गाव विचारलं, नवऱ्याबद्दल सहानुभूतीचे दोन शब्द बोलले आणि तिसऱ्या प्रश्नावर आले. जमुना म्हणाली, "हो. त्यानं विचारलं होतं." भगवंतरावांनी सांगितलेलं खोटं ती बोलली नाही. तेवढं तिनं केलं. साहेबांच्या भुवया उंचावल्या. "मग आपण काय उत्तर दिलंत?"

"मी मौनात होते. चातुर्मासाचं. जेवताना."

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "असं होय," ते म्हणाले. "आमच्या मातोश्रींचंही होतं. अखेरपर्यंत पाळलं त्यांनी. हल्ली हे राहिलंच नाही हो कुठं, तेही नोकरी सांभाळून!" मग ते लेखनिकाकडे वळले आणि सांगू लागले, आणि टंकयंत्र खाडखाड चालू लागलं. "बाई त्या वेळी अधिकृत जेवणाच्या सुट्टीत असून धार्मिक व्रतानुसार मौनात होत्या. सबब उत्तर देण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. उत्तर मिळाले नसताना लाइनमनने पुढील काम करावयास नको होते." ते थांबले. तिला म्हणाले, "त्याचं तसंही कच्चंच काम आहे. महिनाअखेर कमी करू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि त्या वेळी तुमच्या लक्षात तरी कुठून यायचं, नामात असताना? बरोबर?"

हाच तो. चौथा प्रश्न, न लिहिलेला. त्याचं उत्तर दोन महिने तयार होतं, चार शब्दांचं: मला तेव्हा ठाऊक होतं. ते बोललं की ॲडव्हाइस निघेल, वही निघेल, पेन्सिल निघेल. टेबल जाईल, गोदाबाई ह्या वयात कोणाच्या दारी जातील. आणि साहेब विचारतील, मग मान का नाही हलवली, बाई? लेखनिकाची बोटं कळांवर टेकून थांबली होती. टेबलावर काच होती, काचेखाली कुठल्याशा देवस्थानाचं चित्र. आज कसलंही व्रत नव्हतं. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि तिच्या गप्प बसण्याला शालीनता समजून लेखनिकाला म्हणाले, "हं, लिहा. लक्षात येणे संभवनीय नव्हते." तिनं सही केली. अक्षर गोल आलं.

व्हरांड्यात देवमन उठून उभा राहिला. "काय झालं, बाई? सांगतलं?" "सांगितलं," ती म्हणाली, "तू विचारलं होतंस म्हणून." त्यात खोटं काही नव्हतं. "साहेबानं लिवलं ते?" "लिहिलं." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि हात खाली आले तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "लई मोठं काम केलं, बाई, तुमी. भगवंतरावसाहेब मले म्हने, बाई तुह्यासाठी कायले पुढं येईन. मी म्हटलं, येईन." तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरला.

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. तिनंच त्याला हाक मारली, बायकांच्या डब्यात न जाता त्याच्या डब्यात चढली आणि समोरच्या बाकावर बस म्हणाली. ह्या वेळी तो बसला. मूर्तिजापूरला त्यानं खाली उतरून संत्री आणली, ओंजळभर, नव्या हंगामाची, अर्धी हिरवी. देताना त्याचा हात जरा घुटमळला. "खाता का, बाई? आंबट असन." तिनं घेतलं. सोललं. सालाचा तिखट वास डोळ्यांत गेला. पहिली फोड तोंडात घातली आणि ती बोलायला लागली. कुठलं संत्रं चांगलं ते बोलली. मोर्शीकडचं की अचलपूरकडचं. त्यानं आईबद्दल सांगितलं, पक्का झालो की मायले वलगावहून आनतो, खोली पायली हाये इर्विन चौकाकडं, तर तिनं विचारलं, पाण्याची सोय आहे का, नळ आत की बाहेर, उन्हाळ्यात तापते का खोली. तो सांगत होता, ती फोडीमागून फोड तोंडात घालत होती, आणि तोंडात घास असतानाच पुढचं विचारत होती, एक गोष्ट संपायच्या आत दुसरी काढत होती, कारण तो थांबला की ती जागा मोकळी होई आणि तिथं ते चार शब्द येऊन उभे राहत. समोरची म्हातारी ऐकून म्हणाली, "लई बोलता वो तुमी, बाई." देवमन कौतुकानं हसला. "कचेरीत एक शब्द नसते त्यायच्या तोंडात," तो म्हातारीला म्हणाला. जमुनेनं बिया हातात थुंकल्या आणि विचारलं, "लग्नाचं काय मग तुझं, देवमन?" आणि तो लाजून सांगू लागला. बडनेरा यायला अजून पाऊण तास होता.